निम्म्या दरातील पहिली थाळी आणि चौथ्या ऑर्डरचा हिशेब

सोलापूर : मोबाइलवर खाद्यपदार्थांचे ॲप उतरवले, की पहिल्या जेवणावर घसघशीत सवलत पदरात पडते. दुसऱ्या वेळी ती थोडी कमी होते, पण मुदत घातलेली असते. आठवडाभरात मागवले नाही तर कूपन बाद. तिसऱ्या वेळी किमान रकमेची अट येते. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत सवलत नावापुरती उरते आणि तोवर रात्री आठ वाजता भूक लागली की बोट आपोआप त्याच चौकटीवर जाऊ लागलेले असते. मध्येच महिनाभर काही मागवले नाही, तर ‘तुमची आठवण येते’ अशा लाडीक संदेशासह नवे कूपन हजर होते आणि जिना पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होतो.

टप्प्याटप्प्याने उतरत जाणाऱ्या सवलतीची ही पद्धत आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. सात रस्ता, विजापूर रस्ता, होटगी रस्ता, जुळे सोलापूर या भागांत सायंकाळी लाल आणि केशरी टी-शर्टमधील मुलांची जी लगबग दिसते, तिच्यामागे हाच जिना आहे. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर त्यात वाईट काही दिसत नाही. दोन पैसे वाचतात. प्रश्न आहे तो सवलतीचा भार सोसणाऱ्याचा. दहा-पंधरा टेबलांचे हॉटेल चालवणाऱ्या सोलापुरी व्यावसायिकाने या जिन्यावर पाय ठेवावा का, आणि ठेवलाच तर वर पोचल्यावर ते गिऱ्हाईक त्याचे असते की ॲपचे, हा खरा मुद्दा आहे.

खानावळीचे कूपन आणि ॲपचे कूपन

कूपन ही गोष्ट काही परदेशातून परवा आलेली नाही. अमेरिकेत कोका-कोलाने १८८७ मध्ये एक पेला मोफत देणारी चिठ्ठी वाटली, ती या प्रकारातील आद्य मानली जाते. परंतु महाराष्ट्रातील गिरणगावांत त्याहून वेगळी आणि अधिक शहाणी पद्धत रुजली होती. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचा दिवस चालू लागला. गिरणगाव म्हटले की खानावळ आलीच. गावाकडून एकटा आलेला कामगार महिन्याच्या बोलीवर जेवत असे आणि पगार झाला की पैसे चुकते करीत असे. मुंबईत अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले, तेव्हा या व्यवसायाचा पसारा किती मोठा आहे हे बाहेरच्या जगाला कळले. विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये हीच पद्धत कूपनाच्या वहीच्या रूपाने टिकली. तीस किंवा साठ कूपनांचे पैसे आधी भरा, प्रत्येक ताट सुट्या दरापेक्षा स्वस्त घ्या.

वरवर पाहता दोन्हीकडे कूपनच आहे. परंतु मेसच्या वहीत ग्राहक आधी बांधील होतो आणि मग सवलत मिळवतो. मेसवाल्याला उद्या किती ताटे लागणार याचा अंदाज येतो, भाजी वाया जात नाही, भांडवल आगाऊ हाती येते. सवलत त्या बचतीतून निघते. ॲपच्या जिन्यावर सवलत आधी दिली जाते आणि बांधिलकी पुढे कधीतरी येईल अशी आशा धरली जाते. ती आली नाही तर गेलेले पैसे परत येत नाहीत. हा फरक लहान वाटतो, पण अनेक हॉटेलांचा ताळेबंद नेमका येथेच बिघडतो.

पायऱ्या का चढल्या जातात

एकदाच मोठी सवलत देण्यापेक्षा ती तुकड्यांत वाटावी, यामागे अभ्यास आहे. जोसेफ न्यून्स आणि झेविएर द्रेझ या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात वारंवार सांगितला जातो. मोटारी धुण्याच्या एका केंद्रावर ३०० ग्राहकांना कार्डे वाटण्यात आली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रकाने होते. आठ वेळा मोटार धुतली की पुढची धुलाई मोफत. उरलेल्यांच्या कार्डावर दहा रकाने होते, पण त्यांपैकी दोन आधीच शिक्का मारून दिलेले होते. म्हणजे दोघांनाही आठच वेळा यायचे होते. तरीही पहिल्या गटातील १९ टक्के ग्राहकांनी कार्ड पूर्ण केले, तर दुसऱ्या गटातील ३४ टक्क्यांनी. प्रवास सुरू झालेला आहे असे वाटले, की माणूस तो अर्धवट सोडायला नाखूश असतो. मुक्काम जवळ आला की पावले झपाट्याने पडतात, हेही त्याच वर्षी कॉफीच्या कार्डांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासातून दिसले.

भारतात या मानसिकतेचा अनुभव घराघरांनी घेतला तो २०१९ च्या दिवाळीत. गुगल पेवर शिक्के गोळा करण्याचा खेळ निघाला आणि ‘रांगोळी’चा शिक्का मिळावा म्हणून नातेवाइकांनी एकमेकांना निरोप धाडले. बक्षिसाची रक्कम होती २५१ रुपये. तेवढ्यासाठी सुशिक्षित माणसे किती वेळ खर्च करतात, हे तेव्हा कंपन्यांनीही नीट पाहिले असणार.

तेव्हा टप्प्याची सवलत काम करते, यात शंका नाही. ती कोणासाठी काम करते, हे पाहण्यासाठी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते.

तीनशे रुपयांच्या ताटाचा हिशेब

उदाहरणादाखल ३०० रुपयांचे एक मटण ताट घेऊ. कच्च्या मालाचा खर्च १०५ रुपये, पार्सलच्या डब्या-पिशव्यांचे १५ रुपये आणि भाडे, पगार, वीज यांचा ताटामागे पडणारा वाटा ७५ रुपये धरू. ॲपचे कमिशन २२ टक्के आणि ते सवलतीनंतरच्या रकमेवर आकारले जाते असे मानू. (कमिशन २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाते, असे उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने स्पर्धा आयोगाकडे केलेल्या तक्रारीत म्हटले होते.) कमिशनवर १८ टक्के जीएसटी वेगळा. ५ टक्के दराने कर भरणाऱ्या हॉटेलाला या कराची वजावट मिळत नाही; तो सरळ खर्चात जातो.

सवलत न देता हे ताट ॲपवर विकले, तर कमिशन व त्यावरील कर मिळून सुमारे ७८ रुपये जातात आणि सर्व खर्च वजा जाता हातात २७ रुपये राहतात. आता जिना मांडू. सवलत पहिल्या ऑर्डरवर २० टक्के, दुसरीवर १५, तिसरीवर १०, चौथीला काही नाही. आणि भार हॉटेलाचा. पहिल्या ताटावर सुमारे १७ रुपये तोटा होतो, दुसऱ्यावर ६ रुपये तोटा, तिसऱ्यावर जेमतेम ५ रुपये सुटतात आणि चौथ्यावर ते २७. चारही ताटे त्याच ग्राहकाने घेतली, तर एकूण नफा साडेआठ रुपये. चार मटण ताटांवर साडेआठ रुपये!

पण सगळे ग्राहक चौथ्या पायरीपर्यंत येत नाहीत. शंभरांनी पहिली ऑर्डर दिली, पन्नास दुसरीला आले, तीस तिसरीला आणि वीस चौथीला, असे धरले तर या मोहिमेत साडेतेराशे रुपयांच्या आसपास तोटा होतो. आकडे गृहीत आहेत. प्रत्येक हॉटेलाने आपापले घालून पाहावेत. परंतु गणिताची जात बदलत नाही. सवलतीचा जिना फायद्याचा ठरतो तो पाचव्या, सहाव्या, दहाव्या ताटाला, आणि ते ताट आपल्याकडूनच जाईल याची शाश्वती कोणी देत नाही.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. भाडे आणि पगार तर ऑर्डर आली नाही तरी द्यावेच लागतात. मग ताटामागे ७५ रुपये धरायचे कशाला? आचारी रिकामा बसण्यापेक्षा पहिल्या ताटावर मिळणारे ५८ रुपये काय वाईट? हा युक्तिवाद खरा आहे, पण एका अटीवर. ती ऑर्डर नवी असली पाहिजे. ज्या ग्राहकाने एरवी टेबलावर बसून पूर्ण ३०० रुपये दिले असते, त्याच्याकडून कच्चा माल वजा जाता १९५ रुपये राहिले असते. तोच ग्राहक सवलत पाहून घरून मागवू लागला, तर ५८ राहतात. म्हणजे एक जुने गिऱ्हाईक टेबलावरून ॲपवर सरकले, की १३७ रुपये गेले; ते भरून काढण्यासाठी दोनहून अधिक खऱ्या नव्या ऑर्डरी हव्यात. सोलापूरसारख्या शहरात, जेथे नावाजलेल्या हॉटेलाचे पत्ते ॲप येण्याआधीपासून लोकांना तोंडपाठ आहेत, तेथे ‘नवा ग्राहक’ या शब्दाकडे संशयाने पाहिलेले बरे. ॲपच्या लेखी जो नवा असतो, तो हॉटेलाच्या लेखी वीस वर्षांचा जुना असू शकतो.

गिऱ्हाईक कोणाचे?

गल्ल्यावरचा मालक गिऱ्हाईक चेहऱ्याने ओळखतो. रस्सा तिखट हवा की बेताचा, भाकरी ज्वारीची की बाजरीची, सोबत शेंगा चटणी बांधून द्यायची का, हे त्याला विचारावे लागत नाही. ॲपवरून येणाऱ्या ऑर्डरीत हे सारे पुसले जाते. ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक हॉटेलाला मिळत नाही ही उपाहारगृहांची जुनी तक्रार आहे. सवलतीचा खर्च आम्ही करतो, पण कोण परत आले आणि कोण आले नाही ही माहिती मात्र ॲपकडे साठते, असे त्यांचे म्हणणे. २०२५ च्या अखेरीस झोमॅटोने ग्राहकाची संमती घेऊन क्रमांक हॉटेलाला देण्याच्या दिशेने पाऊल टाकले, तेव्हा जाहिरातींचा भडिमार होईल अशी टीका दुसऱ्या बाजूने झाली. तीही खोटी नाही.

ही माहिती महत्त्वाची का, हे जिन्याच्या रचनेवरून कळते. दुसरे कूपन कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हा निर्णय ज्याच्या हाती, त्याच्याच हाती गिऱ्हाईक. ॲपला ग्राहकाने अमुकच हॉटेलातून मागवावे असा आग्रह नसतो. ॲपवरून मागवावे एवढाच असतो. पहिल्या पायरीचे कूपन एका हॉटेलाने दिले आणि दुसऱ्या पायरीवर शेजारच्या हॉटेलाने पाच टक्के जास्त दिले, तर ग्राहक शेजारी जातो. दोन्ही हॉटेले आपापल्या खिशातून एकाच तिसऱ्याचा जिना बांधत राहतात.

देशाने हा खेळ याआधी पाहिला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘झोमॅटो गोल्ड’ आले. एका पदार्थावर एक मोफत. प्रारंभी मोजक्या हॉटेलांपुरती असलेली योजना पसरत गेली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्रामपासून ‘लॉगआउट’ आंदोलन उभे राहिले. हजाराहून अधिक उपाहारगृहे अशा सवलत योजनांतून बाहेर पडली. त्यांचे गाऱ्हाणे एका वाक्यात सांगता येते. ग्राहकाला पूर्ण किंमत देण्याची सवयच राहिली नाही. पुढे योजनेचे नाव बदलले, ती बंद झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये वेगळ्या रूपात जुन्याच नावाने परतली.

सवलतीवर उभे राहिलेले गिऱ्हाईक किती तकलादू असते, याचे आणखी ठळक उदाहरण ‘ओएनडीसी’चे आहे. सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या खुल्या जाळ्यावर २०२३ च्या उन्हाळ्यात जेवण स्वस्त मिळते अशी चित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागली. स्वस्ताईमागे प्रत्येक ऑर्डरीवर दिले जाणारे प्रोत्साहन अनुदान होते. त्याला कात्री लागताच ओघही ओसरला. त्याआधी फूडपांडाने भारतात सवलतींचा पाऊस पाडला होता. २०१५ मध्ये कूपनांचा लाभ उपटण्यासाठी केलेल्या बनावट ऑर्डरींचे प्रकरण वृत्तपत्रांतून गाजले, आणि दोनदा मालक बदलून २०१९ पर्यंत तो व्यवसाय जवळपास गुंडाळला गेला. बाजारात उरले ते प्रामुख्याने दोघेच. उबर ईट्सचा भारतीय व्यवसाय जानेवारी २०२० मध्ये झोमॅटोने घेतला, आणि स्पर्धक कमी झाले की सवलतीचा भार हळूहळू कंपनीकडून हॉटेलाकडे सरकतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

अमेरिकेतील ग्रुपॉनच्या कूपनांबाबत राइस विद्यापीठातील उत्पल ढोलकिया यांनी २०१० मध्ये १५० व्यवसायांची पाहणी केली होती. ६६ टक्क्यांना ती योजना फायद्याची ठरली होती, ३२ टक्क्यांना नाही. म्हणजे कूपन हे विषही नव्हे आणि अमृतही नव्हे. ज्यांनी ते कशासाठी द्यायचे हे आधी ठरवले नाही, त्यांची फसगत होण्याचा संभव अधिक, एवढे म्हणता येईल.

सोलापूरचे पंचांग वेगळे

मोठ्या शहरांसाठी आखलेला जिना येथे जसाच्या तसा का बसत नाही, हे थोडे पाहिले पाहिजे. सात दिवसांच्या मुदतीमागे गृहीतक असे असते, की ग्राहक आठवड्यातून एक-दोनदा बाहेरचे जेवतोच. पुण्यात एकट्या राहणाऱ्या संगणक अभियंत्याला ते लागू पडते. त्यातले कित्येक मूळचे सोलापूरचेच असतात. पण जे कुटुंब महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा मागवते, त्याचे दुसरे कूपन दर वेळी बादच होणार. अशा ग्राहकाला सवलत मिळाल्याचा आनंद होण्याऐवजी हुकल्याची चुटपुट लागते. येथे पायऱ्यांतील अंतर आठवड्याचे नव्हे, महिन्याचे हवे. अपवाद अर्थातच महाविद्यालये आणि वसतिगृहांच्या परिसराचा. तेथे विद्यार्थी खरोखर वारंवार मागवतात, परंतु त्यांची रक्कम लहान असते आणि दोन रुपयांच्या फरकानेही ते दुसरीकडे वळतात.

मांसाहारी हॉटेलांचा प्रश्न तर कॅलेंडरवर स्पष्ट लिहिलेला असतो. आषाढ संपत आला की स्वयंपाकघर अपुरे पडते आणि श्रावण लागताच तेच स्वयंपाकघर ओस पडते. गणेशोत्सवापर्यंत धंदा उभा राहत नाही. मार्गशीर्षातील गुरुवारांचीही तीच कथा. आषाढाच्या अखेरीस, जेव्हा गिऱ्हाईक पूर्ण किमतीला रांग लावून उभे असते, तेव्हा ॲपच्या देशव्यापी मोहिमेत सामील होऊन सवलत वाटणे म्हणजे हातचे पैसे सोडणे. उलट श्रावणातील सोमवार सोडून अन्य दिवशी, किंवा मंगळवार-बुधवारच्या रिकाम्या दुपारी, जे ५८ रुपये मिळतील ते मिळकतीत भरच घालतात. सिद्धेश्वर यात्रेच्या जानेवारीत तर बाहेरगावचा माणूस शहरात आलेला असतो. तो चौथ्या पायरीपर्यंत येणार नाही हे उघड आहे, मग त्याला पहिल्या पायरीचे आमिष कशासाठी?

सवलत पैशातच द्यावी असेही नाही. तीनशेच्या ताटावर ६० रुपये सोडले, तर मालकाचे पूर्ण ६० जातात. त्याऐवजी तिसऱ्या ऑर्डरीसोबत एक शेंगपोळी दिली, तर ग्राहकाला ती विकत घेण्याच्या दराने मोलाची वाटते आणि मालकाला पडते ती करण्याच्या खर्चात. शिवाय ताटाची किंमत तीनशेच राहते. थेट हॉटेलात दूरध्वनी करून किंवा व्हॉट्सॲपवर मागवणाऱ्याला अशी पायरी देणे अधिक व्यवहार्य आहे, कारण कमिशनचे वाचलेले ७८ रुपये वाटून घ्यायला दोघांनाही जागा उरते. अडचण पोचवणाऱ्या माणसाची. स्वतःचा मुलगा ठेवायचा तर पाऊस, रजा आणि पेट्रोल यांचा जाच आपल्याकडे येतो, आणि ॲपचे खरे बळ तेथेच आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

नियम काय सांगतात

उपाहारगृह संघटनेच्या २०२१ मधील तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगीच्या चौकशीचा आदेश दिला. आयोगाला प्रथमदर्शनी दखलपात्र वाटले ते दोन मुद्दे : हॉटेलाने अन्यत्र कमी दर लावू नये अशा अटी, आणि ॲपवर काही हॉटेलांना मिळणारे झुकते माप. २०२४ मध्ये तपासातील निष्कर्ष कंपन्यांच्या विरोधात गेल्याचे वृत्त आले होते. पहिला मुद्दा सोलापूरच्या लहान हॉटेलासाठी थेट कामाचा आहे, कारण गल्ल्यावर किंवा दूरध्वनीवर ॲपपेक्षा कमी दर लावण्याचे स्वातंत्र्य नसेल तर स्वतःचा जिना बांधताच येत नाही.

ग्राहकाच्या बाजूने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत १३ प्रकार नोंदवले आहेत. मुदत संपत आल्याची खोटी घाई लावणे हा त्यातला एक, आणि एक दर दाखवून शेवटच्या टप्प्यावर आकार वाढवत नेणे हा दुसरा. ‘तुम्ही १०० रुपये वाचवले’ अशी हिरवी पट्टी झळकत असताना तिच्याखाली पार्सल, पोच आणि व्यासपीठ शुल्क जमा होत असते. हे व्यासपीठ शुल्क झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये दोन रुपयांनी सुरू केले होते; ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते दहा रुपयांवर गेले. सवलतीचा जिना उतरता आणि शुल्काचा चढता, अशी ही रचना आहे.

हॉटेलमालकाच्या हाती तूर्त असलेली गोष्ट साधीच आहे. ॲपकडून येणाऱ्या हिशेबपत्रकात कंपनीने सोसलेली सवलत आणि हॉटेलाने सोसलेली सवलत यांचे रकाने वेगवेगळे पाहणे, कमिशन सवलतीआधीच्या रकमेवर लागते की नंतरच्या हे करारात तपासणे, आणि कोणत्याही मोहिमेत आपले नाव आपोआप जोडले जाणार नाही अशी लेखी खातरजमा करून घेणे. पुढच्या आषाढाआधी एवढे झाले, तर निदान त्या महिन्यातले ताट तीनशेलाच विकले जाईल.